ईदच्या आदल्या दिवशी

छोटीला छोटी म्हणताना आता कुणालाही हसू यावं, अशी वेळ आली होती. माहेरी ती शेंडेफळ म्हणून छोटी. लग्नानंतर नवऱ्यानं तेच नाव उचललं आणि त्याचं ऐकून सासूबाईंनीही. पण आता तिचं पोट एवढं पुढे आलं होतं की स्वयंपाकघराच्या अरुंद दारातून जाताना तिला जरा तिरकं व्हावं लागे. मग सासूबाई आतून ओरडत, "छोटी, बेतानं! दार आपलं नाही, घरमालकाचं आहे."

घर नवं होतं, गावही नवं. नवरा लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक. वर्ष संपता संपता त्याची बदली झाली आणि तिघं बोजाबिस्तारा घेऊन या तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करून देणारा माणूस संध्याकाळी धापा टाकत जिना चढून घरी यायचा, आणि शेजारपाजारी त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा करायचे.

या बाळाची बातमी छोटीनं फार दिवस कुणाला कळू दिली नव्हती. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं आनंदाच्या भरात आठवड्याभरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. माहेर, सासर, चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणी, कोपऱ्यावरचा दूधवाला, कुणी म्हणून उरलं नाही. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. आणि मग ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना पुन्हा एकदा सांगावं लागलं. दुखण्यापेक्षा तेच तिच्या जिव्हारी लागलं. दूधवाल्यानं तर दोन महिन्यांनी हसत हसत विचारलं, "काय ताई, तब्येत काय म्हणते?" आणि ती पातेलं तिथंच ठेवून घरात निघून आली होती.

म्हणून या खेपेला तिनं तोंडाला कुलूप लावलं. जुन्या गावात ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचांच्या कडा घासायचं काम करायची. समोर मशीन, अंगावर सैलसर एप्रन. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चौथ्या महिन्यात नवऱ्याला कळलं, पाचव्यात सासूबाईंना. गल्लीतल्या डॉक्टरांकडे ती एकदाच गेली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं. गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. सोनोग्राफीला मात्र आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिली. पडद्यावर काय दिसेल ते बघायची तिची छाती होत नव्हती. तेवढ्यात बदलीची धांदल सुरू झाली आणि तिला आयतंच निमित्त मिळालं.

नव्या गावात आल्यावर मात्र सासूबाईंनी तिचं काही चालू दिलं नाही. सामानाची खोकी अजून अर्धी बंद होती, तरी तिसऱ्याच दिवशी त्या तिला हाताला धरून जवळच्या प्रसूतिगृहात घेऊन गेल्या.

नाव लिहून घेणारी सिस्टर बोलायला गोड आणि हातानं चपळ होती. एकीकडे फोन घेत होती, दुसरीकडे फाईल भरत होती.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"ईदच्या आदल्या दिवशी," छोटीनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

ते ती विसरणं शक्यच नव्हतं. पाळीच्या दिवसांत रोजा ठेवत नाहीत. सुटलेले रोजे मग वर्षभरात सवडीनं भरून काढायचे असतात. त्यामुळे कुठला रोजा कधी सुटला, हे बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्या रमजानच्या सुरुवातीला तिचे काही रोजे सुटले होते, त्याचं तिला विशेष वाटलं नव्हतं. पण अगदी शेवटचा, घरच्यांच्या जोडीनं सोडायचा आणि मग गच्चीवर चंद्र बघायला धावायचं, तोही हातचा गेला. त्या दुपारी ती सामानाच्या खोलीत दाराआड उभी राहून केळं खात होती, आणि सासूबाईंनी पकडल्यावर दोघी तोंडावर हात दाबून हसल्या होत्या.

"ईद जूनमध्ये होती ना?" सिस्टरनं विचारलं.

"हो, जूनमध्येच."

सिस्टर खुर्चीतल्या खुर्चीत भिंतीकडे वळली. तिथं कोरं करकरीत कॅलेंडर लटकत होतं. तिनं पानं उलटली, बोट टेकवलं, तारीख फाईलवर उतरवली आणि पुढचं विचारलं, "वजन?"

पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप लावून मोजलं, सोनोग्राफी केली आणि फाईल दोनदा वाचली. बाई मोजकं बोलणाऱ्या, पण घाईच्या नव्हत्या. "बाळ व्यवस्थित आहे. ठोके छान आहेत. दिवसांच्या मानानं थोडं लहान वाटतंय, साधारण दीड आठवडा मागे. सुरुवातीची सोनोग्राफी असती तर नक्की सांगता आलं असतं. आता तुमच्या तारखेवरच चालावं लागेल. बघू या. नीट खा, विश्रांती घ्या."

यातलं "लहान" एवढंच छोटीच्या कानात शिरलं. आणि सासूबाईंच्या कानात "नीट खा."

त्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं त्याला जेवण म्हणणं कठीण आहे. सकाळी उकडलेली अंडी, मग दूध, मग केळी, मग पुन्हा अंडी. छोटी नको म्हणाली की सासूबाई म्हणत, "तुला कोण देतंय? मी माझ्या नातवंडाला देतेय. तू मधली आहेस, मुकाट्यानं पुढे पाठव." नवरा कामावरून येताना पिशवीभर फळं आणायचा आणि आल्या आल्या बायकोऐवजी तिच्या पोटाकडे बघून विचारायचा, "काय, वाढलास का?" छोटी हसायची. पण ते दोघं दुसऱ्या खोलीत गेले की हात पोटावर ठेवून बसून राहायची. आतून लाथ बसली की तेवढ्यापुरता धीर यायचा.

फेब्रुवारीतही बाळ दीड आठवडा मागे. मार्चमध्येही तेच. मध्ये मध्ये डॉक्टरीणबाई रक्त तपासत, बाळाभोवतीचं पाणी बघत, सगळं ठीक आहे म्हणत आणि तरी फाईलकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडे. बाळ काही हिशेबाला गाठेना. वजन वाढलं ते छोटीचं. सासूबाईंनी लोकर आणली होती, ती तिनं कपाटात वर टाकायला लावली. टोपडं नाही, दुपटं नाही, झबलं नाही. "आधी येऊ दे," एवढंच म्हणायची. शेजारच्या वहिनींनी जुना पाळणा देऊ केला तर तिनं इतक्या तुटकपणे नकार दिला की त्या बिचाऱ्या ओशाळून परत गेल्या.

फाईलीतली तारीख आली आणि गेली. कळांचा पत्ता नाही. आणखी एक आठवडा लोटला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ आधीच लहान, त्यात दिवस उलटून गेलेत. आता जास्त थांबणं बरं नाही. उद्या सकाळी दाखल व्हा. कळा सुरू व्हायचं औषध देऊ. नाहीच जमलं तर ऑपरेशन करू."

 छोटी जिना चढून घरी आली. पलंगावर बसल्यावर नवऱ्याला म्हणाली, "ते तयार नाहीये हो. मला कळतंय. त्याला अजून यायचं नाहीये."

"डॉक्टरांना जास्त कळतं," तो म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. सकाळी तो तिला प्रसूतिगृहात सोडून कामावर गेला. एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसली होती आणि दुसरा माणूस रजेवर होता. "हाक मारलीस की दहा मिनिटांत येतो," असं तो तीन वेळा सांगून गेला.

वॉर्डात तीन खाटा होत्या. एक रिकामी, एकीवर छोटी आणि खिडकीजवळच्या खाटेवर एक पार्लरवाली, आदल्या दिवशीच मोकळी झालेली, कुशीत गाठोड्यासारखं बाळ आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. छोटीच्या खाटेशी सलाईनचा स्टँड आणून ठेवला होता. सासूबाई स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. सूनबाईला उपाशी ठेवायला सांगितलंय, हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं, पण हात स्वस्थ बसेनात.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ठोके ऐकले, टेप लावली, आणि औषध द्यायला सांगायच्या ऐवजी फाईल उघडून खाटेच्या कडेवर बसल्या.

"मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकतेय," त्या म्हणाल्या. "बाळाला नीट पोषण मिळत नसतं, तर ते दर महिन्याला आणखी मागे पडत गेलं असतं. पण हे जानेवारीत जेवढं मागे होतं तेवढंच आजही आहे. वाढतंय अगदी व्यवस्थित. म्हणून औषध सुरू करायच्या आधी पुन्हा विचारते. पाळीची तारीख नक्की आहे ना?"

"नक्की, मॅडम. त्यात काही चूक नाही."

"चार जून?"

"तारीख तशी मला..." छोटी अडखळली. "ईदच्या आदल्या दिवशी. मी तसंच सांगितलं होतं. चार जूनच असेल."

सासूबाईंचे हात थांबले.

"चार जूनला कुठली ईद?"

"अम्मी, मागच्या वर्षीची."

"अगं, ती चार-पाच जूनला नव्हती. दहा जूनला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विसरलीस? रोजे चालू होते, माझे बंद करावे लागले, डोळ्यात तासातासाला थेंब घालायचे होते. आणि ईदला मी तो काळा चष्मा घालून बसले होते. तूच दुकानातून आणला होतास, एवढा मोठा. मुलं मला घाबरत होती. ईद ऑपरेशनच्या नंतर झाली, आधी कशी होईल?"

 पार्लरवालीनं आपली गोष्ट अर्ध्यात सोडून मान इकडे वळवली.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मावशी, ऑपरेशनची तारीख नक्की?"

"डोळा माझा आहे बाई, नक्की नसायला काय झालं? आणि त्या ईदचा फोटो आहे. माझ्या लेकाच्या फोनमध्ये. थांबा."

त्यांनी लगोलग फोन लावला. पलीकडून घाबराघुबरा आवाज आला, "काय झालं? सुरू झालं का? येऊ का?"

"काही झालं नाही. मागच्या ईदचा माझा फोटो पाठव. काळ्या चष्म्यातला. आणि कुठल्या तारखेचा आहे ते बघ."

"अम्मी, मी लिफ्टच्या टपावर उभा आहे!"

"मग खाली उतर आणि फोटो शोध!"

तो उतरला असावा, कारण थोड्याच वेळात छोटीच्या फोनवर फोटो येऊन पडला. मधोमध सासूबाई, डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा चष्मा, हनुवटी वर, एखाद्या टोळीच्या म्होरक्यासारख्या. शेजारी छोटी, नव्या कपड्यांत, सडसडीत. खाली त्यानं लिहिलं होतं: सोळा जून. सगळं ठीक आहे ना?

"सोळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे आदला दिवस पंधरा. मग चार कुठून आला?"

त्यांनी नाव लिहून घेणाऱ्या सिस्टरला बोलावलं. सिस्टर हात पुसत आली, प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "मी स्वतः कॅलेंडरमध्ये बघून लिहिलंय, मॅडम. ईद पाच जून. दाखवते." ती गेली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढूनच घेऊन आली. जूनचं पान उघडलं. खरंच, पाच तारखेखाली बारीक अक्षरात ईद होती.

सासूबाईंनी मान वाकवून बघितलं. "अगं, ही यंदाची."

"ईद ती ईदच ना? दरवर्षी पाच..." सिस्टर बोलता बोलता थांबली.

"नाही गं बाई. आमचे महिने चंद्राचे. चंद्र दिसला की महिना सुरू, पुन्हा दिसला की पुढचा. असे बारा महिने इंग्रजी वर्षाच्या आधीच आटपतात, दहा-अकरा दिवस आधी. म्हणून ईद दरवर्षी अलीकडे अलीकडे सरकते. माझं लग्न झालं त्या वर्षी ती अशीच जूनमध्ये होती. मग मेमध्ये आली, एप्रिलमध्ये आली, माझा लेक जन्मला तेव्हाही वसंतातच होती, पुढे थंडीत शिरली. अख्खं वर्ष उलटं फिरून आत्ता कुठे परत जूनला आली होती. तेवढ्यात मी म्हातारी झाले."

सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला. "जानेवारीतच जुनं काढून हे लावलं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे जी ईद अजून यायचीय, तिच्या आदल्या दिवसापासून..."

"तिथपासून आपण बाळाचे दिवस मोजत होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी फाईलीतले सगळे आकडे पहिल्यापासून नव्यानं मांडले. त्यांचं पेन खाली खाली सरकत गेलं आणि प्रत्येक ओळीबरोबर कपाळावरची आठी सैल होत गेली. शेवटी त्या चक्क हसल्या. त्यांना हसताना छोटी पहिल्यांदाच बघत होती.

"अकरा दिवस," त्या म्हणाल्या. "तुमचं बाळ लहान नाही. कधीच नव्हतं. आपणच त्याला अकरा दिवसांनी मोठं समजून त्याच्यावर रागावत होतो. आणि तुमचे दिवस उलटलेले नाहीत. अजून भरायचेच आहेत."

छोटीला आधी काही कळलंच नाही.  मग तिनं विचारलं, "म्हणजे औषध?"

"आज नाही. पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घेते, माझ्या समाधानासाठी. ती ठीक आली, की घरी जा. आपोआप कळा सुरू झाल्या की या."

वॉर्डबॉय येऊन सलाईनचा स्टँड ढकलत घेऊन गेला. त्याची चाकं करकरत व्हरांड्यातून लांब लांब गेली, आणि तो आवाज बंद झाला तेव्हा छोटीचा जीव भांड्यात पडला. ती रडायला लागली. मोठ्यानं, नाक ओढत, लहान मुलीसारखी. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. मध्येच तिला त्या फोटोतला चष्मा दिसला आणि रडता रडताच हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

सिस्टर खाली मान घालून खाटेशी उभी होती. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला फार..."

क्षणभर छोटीला तिचा राग आला, नाही असं नाही. त्या सगळ्या दुपारी, ते हात पोटावर ठेवून बसणं डोळ्यांपुढे आलं. पण राग टिकेना. बाळ ठीक होतं; त्यापुढे राग ठेवायला जागाच उरली नव्हती.

"बसा हो जरा," ती डोळे पुसत म्हणाली. "मीही कधी तारीख विचारली नाही."

सासूबाई मात्र इतक्या सहज सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुला काय जातंय बसा म्हणायला? दोन महिने मी हिच्या तोंडात अंडी कोंबतेय! कोंबड्या थकल्या त्या दुकानदाराच्या!" मग त्यांनी सोललेलं संत्रं सिस्टरच्या हातात ठेवलं. "घे, तूच खा. तुझा चेहरा बघ कसा पांढरा पडलाय."

सोनोग्राफी नीट आली. दुपारी नवरा धावतपळत पोचला, तेव्हा सासूबाईंनी त्याला सगळं एका दमात सांगितलं. त्याला निम्मंच समजलं, पण बायको हसत बसलेली बघून तो रिकाम्या खाटेवर मटकन बसला आणि म्हणाला, "मला पाणी द्या कुणीतरी."

संध्याकाळी घरी येताना छोटीनं स्वतःहून एका दुकानापाशी पाय थांबवले. आत जाऊन तिनं चार झबली, दोन टोपडी आणि एक पिवळं दुपटं घेतलं. दुकानदारीणबाईंनी विचारलं, "कितवा महिना?" तर छोटी म्हणाली, "नववा. भरत आलाय," आणि ते म्हणताना तिचा आवाज जराही कापला नाही. जिना चढायच्या आधी ती शेजारच्या वहिनींचं दार वाजवून गेली. पाळणा अजून आहे का, म्हणून विचारायला. त्या वहिनींनी तो पुसूनच ठेवला होता.

पुढचे दिवस त्या घरात सुट्टीसारखे गेले. सासूबाईंनी लोकर खाली काढली आणि दिवसभर सुया चालवल्या. छोटीनं जाहीर करून टाकलं की यापुढे अंडं दिसलं तरी ती घर सोडून जाईल. सासूबाई फुरंगटल्या आणि दोन तासांत विसरल्या. नवरा कामावर जाताना पोटाला सांगायचा, "सावकाश ये रे, घाई नाही." दुपारी छोटी गाढ झोपायची. कित्येक आठवड्यांत तिला दुपारी अशी झोप लागली नव्हती.

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असताना पहिली कळ आली. तिनं कप ओट्यावर ठेवला, भिंतीला हात टेकला आणि ती ओसरेपर्यंत थांबली. "अम्मी," मग ती शांतपणे म्हणाली, "आता त्यालाच यायचंय."

तीन मजले उतरताना नवऱ्यानं तिला इतकं घट्ट धरलं होतं की शेवटी तीच म्हणाली, "अहो, मला नाही, कठड्याला धरा. तुम्हीच पडाल." प्रसूतिगृहात त्याच सिस्टरनं त्यांना दारातच बघितलं आणि व्हीलचेअर घेऊन स्वतः धावत आली. दिवस चढत गेला तशा कळा वाढत गेल्या. छोटी ओरडली, नवऱ्याला आणि त्याच्या सगळ्या लिफ्टांना नावं ठेवली, डॉक्टरीणबाईंचा हात पिळवटला. पण भीती मात्र तिला एकदाही शिवली नाही. नंतर तिचं तिलाच त्याचं नवल वाटलं.

दुपार कलली तेव्हा मुलगी झाली. सिस्टरनं वजनाच्या काट्यावर ठेवली आणि दारापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "पावणेतीन किलो! अगदी भरलेली!"

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे हात, पाय, नखं, कान, सगळं नीट निरखलं आणि छोटीच्या छातीवर ठेवलं. "पूर्ण दिवसांची आहे," त्या म्हणाल्या. "कुठेही काही कमी नाही."

मुलीनं टाहो फोडला तो असा, की वॉर्डातल्या नव्या पेशंटनं कानावर उशी घेतली. नवऱ्यानं तिला दोन्ही हातांत घेतलं आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. श्वास घ्यायलाही घाबरत होता. सासूबाई त्याच्या कोपराला ढोसत म्हणाल्या, "हलव जरा, गप्प होईल." तो कसाबसा डोलायला लागला. मुलगी आणखीच मोठ्यानं रडू लागली.

"रडू दे," छोटी म्हणाली. तिचे डोळे मिटत आले होते. "छान रडते." आणि त्या सगळ्या गोंगाटात, हात अंगाशी सैल सोडून, ती झोपी गेली.